पिल्लू नको, स्वतः दाणे फोडणारं पाखरू आणा

पत्र

माझी मुलगी पाचवीत आहे. गेलं वर्षभर तिनं पोपटाचा ध्यास घेतलाय. आम्ही खानापूर तालुक्यात जुन्या कौलारू घरात राहतो. मी शाळेत शिकवते, यजमान रोज बेळगावला कामाला जातात, दिवसभर घरी सासूबाई असतात. त्यांना दमा आहे. माझा भाऊ म्हणतो, "दुकानात कशाला पैसे घालवतेस? ढोलीतलं राघूचं पिल्लू आणून देतो, मिरची-पेरूवर वाढेल, बोलेलही." बेळगावात एका दुकानात चौकशी केली, तर त्यांनी अंगावर धड पिसंही न आलेलं कॉकटील नावाच्या तुरेवाल्या छोट्या पोपटाचं पिल्लू दाखवलं. "आत्ताच न्या, हातानं भरवा, म्हणजे जन्मभर तुमच्या अंगाखांद्यावर खेळेल," असं म्हणाले. मुलगी त्या पिल्लावरून नजर काढायला तयार नव्हती. कोणतं घ्यावं, किती लहान घ्यावं, काय खायला घालावं आणि ते बोलेल का, एवढं सांगा.

— एक आई, खानापूर

उत्तर

ताई, आणण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत. अशी बहुतेक पत्रं पाखरू घरी येऊन, पिसं फुगवून कोपऱ्यात बसल्यावर येतात. तेव्हा सांगण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

आधी भावाचा विषय. राघू आणू नका. त्यांची माया समजते, पण आपल्या माळावर, झाडांच्या ढोलीत वाढणारा हा पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. कायदा १९७२ चा आहे. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि राघू आता अनुसूची दोनमध्ये आहे. ढोलीतून पिल्लू काढणं, विकणं, विकत घेणं, घरी पाळणं, सगळंच गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्या भागात "हे कर्नाटकात चालत नाही, तिकडं कोल्हापूरकडं चालतं" असं सांगणारे भेटतात, आणि पलीकडचे नेमकं याच्या उलट सांगतात. हा केंद्राचा कायदा आहे. खानापुरात जे लागू, तेच कोल्हापुरात. राघू, मोठा पहाडी पोपट, लालसर डोक्याचा तोई, आपल्या घाटात दिसणारा निळ्या पंखांचा पोपट, यांतला एकही पिंजऱ्यात ठेवता येत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर हेच राहील. राघूची विणीची वेळ साधारण जानेवारी ते एप्रिल. ढोलीत हात घालून पिल्लं काढतात तेव्हा बरीचशी डोळेही न उघडलेली असतात. त्यांना पोत्यात किंवा खोक्यात कोंबून बाजारात आणतात आणि कितीतरी वाटेतच मरतात. जे एक हातात येतं तेवढंच आपल्याला दिसतं. "आता काढलंच आहे, तर आपण घेऊन वाचवू" असा विचार मनात येईल. त्याही वाटेला जाऊ नका, कारण तुमच्या पैशांवर पुढच्या वर्षी दुसरी ढोली फोडली जाते. कुठं विक्री दिसली किंवा खाली पडलेलं पिल्लू सापडलं, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. भीमगड अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे. लेकीला राघू बघायचाच असेल, तर सकाळी लवकर उठून गावाबाहेरच्या झाडांखाली घेऊन जा. थव्यात उडणारा राघू एकदा नीट पाहिला की तो पिंजऱ्यात हवा असं तिला वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

आता दुकानातलं पिल्लू. कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडे मिळतात ती पिंजऱ्यात वाढलेल्या जोड्यांची पिल्लं असतात आणि ती पाळायला बंदी नाही. पण दुकानदारानं जे सांगितलं, त्यावर विश्वास ठेवू नका. पिसं न आलेलं पिल्लू घरी नेऊन हातानं भरवलं की माया जास्त लागते, हा समज इतका पसरलाय की चांगली शहाणी माणसंही त्याला बळी पडतात. दुकानाला त्यात सोय असते. पिल्लू जितकं लवकर खपेल तितकी भरवण्याची मेहनत वाचते, आणि घरी जाऊन मेलं तर "तुम्हाला नीट भरवता आलं नाही" म्हणून मोकळं होता येतं.

भरवणं म्हणजे काय, ते डोळ्यांपुढं आणा. पिल्लाला पातळ पेज साधारण ४० अंश उष्णतेची लागते. दोन-तीन अंश जास्त झाली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते. ते लगेच दिसत नाही, काही दिवसांनी तिथली कातडी काळी पडून फाटते. पेज थंड झाली तर ती पिशवीतच पडून राहते, आंबते, आणि पिल्लू मलूल होतं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. घाईत सिरिंज जराशी जोरात दाबली गेली की पेज फुप्फुसात जाते आणि पिल्लू हातातल्या हातात जातं. हे दर दोन-तीन तासांनी करायचं, अंगावर पिसं नाहीत म्हणून जागा सतत उबदार ठेवायची, आणि त्यात तुमच्याकडच्या पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. तुम्ही शाळेत असताना हे करणार कोण? दम्याच्या सासूबाई की दहा वर्षांची मुलगी? तिच्या हातात पिल्लू गेलं, तर ते दुःख त्या वयात फार खोल जातं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पाखरू लहान असावं, पण स्वतःचं पोट भरणारं असावं. माणसाळणं दूध-पेजेवर अवलंबून नसतं. स्वतः खायला लागल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत रोज कोण शांतपणे जवळ बसतं, त्यावर ते ठरतं. कॉकटील साधारण आठ ते दहा आठवड्यांत पूर्णपणे दाण्यावर येतो, बजरीगर (आपल्याकडे ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात, तेच हे छोटे पक्षी) सहा आठवड्यांच्या आसपास. मी वर आणखी दोन आठवडे जाऊ द्या म्हणेन.

तुमच्या घरासाठी मी बजरीगरच सुचवीन. कारण सासूबाई. कॉकटीलच्या अंगावरून पांढरी भुकटी सतत झडत असते. पिसांची निगा राखायला ती त्याला लागते, पण दोन दिवसांत टेबलावर तिचा थर दिसतो. दम्याच्या माणसाला ते सोसणार नाही. बजरीगरची धूळ त्या मानानं पुष्कळच कमी असते. कमी असते म्हणजे नसतेच असं मात्र नाही. तेव्हा आणण्याआधी सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा आणि ते नको म्हणाले तर तिथंच थांबा. हो म्हणाले तरी पिंजरा त्यांच्या खोलीत ठेवू नका, आणि जमेल तर आधी एखाद्या पक्षी असलेल्या घरात त्यांना तासभर बसवून बघा.

एक की दोन? सासूबाई सोडल्या तर तुम्ही सगळे दिवसभर बाहेर असता. बजरीगर थव्यात राहणारा पक्षी आहे, एकटा दिवसभर भिंतीकडे बघत बसला की झुरतो, पिसं उपटतो. दोन घ्या. एकटा असला तर माणसाकडून शब्द लवकर उचलतो हे खरं, पण त्यासाठी रोज चार-पाच तास त्याच्याशी बोलणारं कुणीतरी हवं. दोन नर एकमेकांशी छान जमवून घेतात. फक्त कोवळ्या वयात नर-मादी ओळखणं फसवं असतं. मोठ्या नराच्या चोचीवरचा मांसल भाग निळा आणि मादीचा तपकिरी होतो, पण पिल्लांत रंग पक्का झालेला नसतो. नर-मादी निघालेच, तर पिंजऱ्यात मडकं टांगू नका. मडकं दिसलं की मादी अंड्यावर येते. कोवळ्या मादीचं अंडं अडकून ती दगावू शकते. पिंजऱ्याबरोबर दुकानदार मडकं फुकट देतील. ते झाडाखाली चिमण्यांच्या पाण्याला वापरा.

सन कोन्युअर, आफ्रिकन ग्रे असले मोठे पक्षीही कुणी दाखवील. त्यांच्यासाठी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर पक्षी घेतल्यापासून ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. बजरीगर आणि कॉकटील नोंदणी लागणाऱ्या पक्ष्यांत नाहीत. कोन्युअरचा आवाज तर असा की शेजारी चार दिवसांत भांडायला येतील. तुमच्या घरासाठी तो विषयच नको.

दुकानात गेलात की लगेच पिंजऱ्याजवळ जाऊ नका. आजारी पक्षी माणूस जवळ आला की ताठ होऊन बरा असल्याचं दाखवतो. रानात कमजोर दिसणं म्हणजे शिकार होणं, त्यामुळं हे त्यांच्या रक्तातच असतं. दहा-पंधरा हात लांब उभं राहून अर्धा तास नुसतं बघा. कोण फुगून, डोळे मिटून बसलंय? कुणाची शेपटी प्रत्येक श्वासाला वरखाली हलते? कोण दोन्ही पायांवर झोपलंय? निरोगी पक्षी बहुधा एक पाय पोटात घेऊन झोपतो. मग तुम्हाला आवडलेलं पाखरू दाण्याच्या वाटीशी काय करतं ते नीट पाहा. दाणा चोचीत घेऊन जिभेनं फिरवून टरफल बाहेर टाकतं का? वाटीत आणि खाली ताजी टरफलं दिसतात का? काही पिल्लं नुसती दाण्यांशी खेळतात, एकही पोटात जात नाही. बघणाऱ्याला वाटतं, खातंय. जवळ गेल्यावर छातीचं मधलं हाड बोटानं चाचपायला मागा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं, सुरीच्या धारेसारखं वर आलेलं नको. शेपटीखालची पिसं कोरडी आणि स्वच्छ हवीत. विष्ठेत हिरवट भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी, तिन्ही वेगवेगळं दिसलं की पोट ठीक आहे.

वयाबद्दल दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. कोवळ्या बजरीगरच्या कपाळावर काळ्या बारीक पट्ट्या थेट चोचीपर्यंत येतात आणि डोळा संपूर्ण काळाभोर दिसतो. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं झडली की कपाळ स्वच्छ होतं, पुढं डोळ्यात फिकट कडी येते. पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या जातींत या पट्ट्या नसतात, तिथं ही खूण चालत नाही. पायात न जोडलेली, अखंड कडी असेल तर उत्तम. ती पिल्लू आठ-दहा दिवसांचं असतानाच घालता येते, म्हणजे पक्षी पिंजऱ्यातच जन्मला याची ती खूण. पावती मागून घ्या.

पिंजरा उंच-गोल नको. पक्षी आडवा उडतो, त्याला लांबी लागते. दोन बजरीगरांना किमान अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढाच उंच हवा, गजांमधलं अंतर सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. बरोबर येणाऱ्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून टाका. पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, करंगळीएवढ्या ते अंगठ्याएवढ्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून लावा. जाडी कमीजास्त असली की पायाला आराम पडतो.

पिंजरा कुठं ठेवाल, याचा तुमच्या घरात जास्त विचार करावा लागेल. पडवीत टांगावासा वाटेल, कारण तिथं उजेड असतो. दिवसा माणूस जवळ असेल तेव्हा जरूर ठेवा, पण रात्री आत घ्या. कौलारू घरात मांजर, उंदीर, धामण, कुणीही गजांपर्यंत पोचतं. तुमच्याकडच्या आषाढ-श्रावणातली ओल आणि वाऱ्याची झोत कोरड्या मुलखातल्या या पक्ष्याला बाधते. बसायच्या खोलीत, एक बाजू भिंतीला लागलेली, डोळ्यांच्या उंचीवर, ही जागा चांगली. रात्री दहा-बारा तास शांत अंधार हवा, टीव्ही चालू असलेल्या खोलीत तो मिळत नाही.

आणि धूर. यावर मला जरा जोर द्यायचाय. पक्ष्याची श्वासाची रचना आपल्यापेक्षा फार वेगळी आहे, फुप्फुसांना जोडून शरीरभर हवेच्या पिशव्या असतात. हवेतलं विष त्याला आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं. नॉनस्टिक तवा गॅसवर विसरून जास्त तापला, तर त्यातून निघणारा वायू आपल्याला जाणवणारही नाही, पण शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरतो. पक्षी येणार असेल तर नॉनस्टिक घरातून काढाच, बिडाचा तवा वापरा. पाणी तापवायच्या बंबाचा धूर, डासांची कॉइल, धूप, कापूर, अगरबत्ती, फिनेल, झुरळांचा स्प्रे, यातलं काहीही पिंजऱ्याच्या खोलीत नको. देवघर त्याच खोलीत असेल तर पिंजरा दुसरीकडं हलवा. यातलं निम्मं सासूबाईंच्या दम्यालाही चांगलंच.

पक्षी बाहेर सोडाल तेव्हा पंखा बंद. नुसता बंद नाही, बटणावर चिकटपट्टी लावा, कारण पाहुणे आले की सवयीनं हात तिकडं जातो. दारं-खिडक्या लावा, आरशावर फडकं टाका, पाण्याच्या बादल्या आणि गॅसवरचं दूध झाका.

खायला नुसतं राळं पुरत नाही. दुकानातले दाणे हा निम्मा आहार धरा. राळे तुमच्या बाजारात नवणे म्हणून मागितलेत तर किलोनं ताजे मिळतील, त्यात थोडी बाजरी मिसळा. बाकी रोज काहीतरी हिरवं: कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, कोवळं मक्याचं कणीस, मोड आलेले मूग. नुसत्या दाण्यावर वाढलेल्या पक्ष्यांत अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि नाक-घशाचे आजार मागं लागतात. नवीन भाजी पहिल्या दिवशी खाणार नाही, आठवडाभर रोज ठेवत राहा. सूर्यफुलाच्या बिया अगदी थोड्या, त्या तुपासारख्या अंगी लागतात. पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा अडकवा, आयुर्वेदिक दुकानात मिळतो, कॅल्शियम त्यातून जातं. मिरची दिली तरी चालेल, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. बटर फ्रूट (अ‍ॅव्होकॅडो) मात्र चुकूनही नको, ते त्यांना विष आहे. चॉकलेट, चहा, मीठ लावलेलं काहीही, कांदा नको. घरी आलेला प्रत्येक जण प्रेमानं कुंद्याचा तुकडा पुढं करील, तोही नको. हे मुलीला कागदावर लिहून पिंजऱ्याशेजारी लावू द्या, पाहुण्यांना नाही म्हणणं तिला सोपं जाईल.

बोलेल का? बजरीगर नर पुष्कळ शब्द शिकू शकतो, पण आवाज बारीक आणि भरभर असतो, आणि जोडीत असला की शब्द कमीच. तुमच्याकडं घरात मराठी, गल्लीत कन्नड, तो कुठलंही उचलेल किंवा काहीच उचलणार नाही. बोलेल म्हणूनच आणायचा असेल तर आणू नका, असं मुलीला आत्ताच स्पष्ट सांगा. हातावर येऊन बसणं, शीळ घालणं, ओळखीचा पाय वाजला की पिंजऱ्याच्या त्या टोकाला येणं, हे होईल. पहिला आठवडा फक्त पिंजऱ्याशेजारी बसून तिनं अभ्यास करायचा, हात आत घालायचा नाही. मग गजांतून राळ्याचं कणीस धरायचं, मग हात आत नेऊन स्थिर ठेवायचा. मुठीत पकडायचं नाही, कधीच. चावला तर हात झटकायचा नाही, ओरडायचं नाही. थोडा वेळ बाजूला व्हायचं.

आणण्याआधी एक फोन करा. आपल्या जनावरांच्या दवाखान्यांत गाई-म्हशी, कुत्री बघणारे डॉक्टर भेटतात, पक्षी बघणारे मोजकेच. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, कुठं कोण पक्षी तपासतं ते आधीच विचारून नंबर लिहून ठेवा. पक्ष्याची तब्येत बिघडली की दोन दिवसांची उसंत मिळत नाही. दुकानातली पाण्यात घालायची पिवळी पावडर डॉक्टरांशिवाय देऊ नका. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या आणि दर रविवारी वजन वहीत लिहा. बजरीगर ३० ते ४० ग्रॅमचा असतो. तीन-चार ग्रॅम उतरले की काहीतरी बिघडलंय, डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी. पोपटांपासून माणसाला होणारा एक ताप आहे, खोकला-डोकेदुखीसह येतो, वेळेत कळला तर औषधानं बरा होतो. घरात कुणालाही, विशेषतः सासूबाईंना, असा ताप आला तर डॉक्टरांना "घरात पक्षी आहे" हे न विचारता सांगा. पिंजरा पुसताना कागद आधी ओला करा म्हणजे धूळ उडत नाही, आणि हे काम सासूबाईंकडे देऊ नका. घरी कोंबड्या असतील तर त्यांच्याकडून आल्यावर हात धुऊनच पिंजऱ्याला लावा.

वर्षाचा हिशेबही घाला. बजरीगर नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगू शकतो, म्हणजे मुलगी कॉलेजला जाईपर्यंत. मे महिन्यात गावी गेलात, तर रोज पाणी बदलायला कोण येईल, ते नाव आधी ठरवा.

आणि आत्ता आणू नका. गणपतीतले ढोल, डॉल्बी, मग दिवाळीचे फटाके, नव्या घरात आलेलं कोवळं पाखरू या आवाजानं रात्री पिंजऱ्यात धडका घेतं. दिवाळी होऊ द्या. तोवर पिंजरा आणून जागेवर ठेवा, फांद्या लावा, तवा बदला, डॉक्टरांचे फोन करा. रोज संध्याकाळी रिकाम्या पिंजऱ्याचा कागद बदलायचं आणि पाण्याची वाटी घासायचं काम मुलीकडं द्या. दिवाळीपर्यंत ती हे करत राहिली, तर जोडी आणायला तिलाच बरोबर घेऊन जा. मधेच सोडून दिलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा विचार करा.